ऊन सर्वांचे, जमीन कोणाची?

कोळसा संपणार, तेल संपणार, अणूची राख पुढच्या कित्येक पिढ्यांना सांभाळावी लागणार. म्हणून आता सूर्य, वारा, पाणी आणि शेण यांच्याकडे वळले पाहिजे, असे आज सर्वजण सांगतात. सांगणाऱ्यांत शास्त्रज्ञ आहेत, सरकार आहे आणि कालपर्यंत कोळशावर गब्बर झालेले भांडवलदारही आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. कोळशाच्या धुराने हवा तापते आहे, आणि त्या तापलेल्या हवेत उघड्यावर राबणारा माणूस कोण, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. उसाच्या फडात, वीटभट्टीवर, डांबराच्या रस्त्यावर तोच उभा आहे. कोळसा जावा यात त्याचे हित आहेच.

मग वाद कशाचा? वाद 'पर्याय' या शब्दाचा आहे. पर्याय कशाला? इंधनाला, की ज्या व्यवस्थेत ते इंधन जळते त्या व्यवस्थेला? आपल्याकडची पर्यावरणाची चर्चा पहिल्या प्रश्नाशी थांबते. दुसरा प्रश्न विचारला की "यात जात कशाला आणता?" असे म्हटले जाते. जात आम्ही आणत नाही. ती आमच्या आधीच तेथे येऊन बसलेली असते. मला या लेखात एवढेच दाखवावयाचे आहे की महाराष्ट्राला हा पर्याय नवा नाही. येथली मोठ्या प्रमाणावरची वीजनिर्मिती सुरू झाली तीच मुळी पाण्यापासून. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पाणी, शेण, वारा आणि ऊन असे चार न संपणारे स्रोत आपल्या दारावरून गेले. प्रत्येक वेळी स्रोत बदलला, तंत्र बदलले, सरकारही बदलले. एक अट मात्र प्रत्येक वेळी कायम राहिली, ती मालकीची. आपल्या ऊर्जेचा इतिहास म्हणजे या अटीचा इतिहास होय.

१

मुंबईच्या गिरण्या आरंभी कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दुरून येई, महाग पडे आणि शहरावर धूर सोडी. त्याला पर्याय म्हणून टाटांनी सह्याद्रीच्या पावसाकडे पाहिले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव बांधून, पूर्वेकडे वाहून जाणारे पाणी घाटाखाली पश्चिमेकडे सोडण्यात आले आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. पाऊस दरवर्षी पडतो. म्हणजे आजच्या परिभाषेत ही निखळ नवीकरणीय ऊर्जा. धूर नाही, राख नाही.

या स्वच्छ विजेने गिरणीत काय बदलले? यंत्राची गती बदलली, मालकाचा खर्च बदलला. पण विणकाम खात्याचा दरवाजा बदलला नाही. धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकर आपल्या ओठाला लावणार नाही, एवढ्या कारणावरून गिरणीतले हे जास्त पगाराचे खाते आपल्या माणसांना बंद होते. १९२८ च्या प्रचंड संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्या त्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला, कारण त्याचे उत्तर मालकाकडे नव्हते, त्यांच्याच सभासदांच्या ओठांवर होते. खोपोलीचे पाणी घाट उतरून मुंबईत पोहोचले. पण धोट्याचा विटाळ त्याला धुता आला नाही.

दुसरी बाजू मुळशीची. भिरा केंद्रासाठी मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधावयाचे होते आणि मावळातली सुमारे पन्नास गावे त्यात अडकली होती. १६ एप्रिल १९२१ रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही नावे या लढ्याशी जोडलेली आहेत आणि धरणाविरुद्धच्या जगातल्या आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते. त्याबद्दल मला आदर आहे. पण आपण तो आपल्या डोळ्यांनीही वाचला पाहिजे. त्या खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मोबदला मिळाला तो सरकारी दप्तरात ज्याचे नाव होते त्याला. जो कसत होता त्याचे नाव कित्येकदा तेथे नव्हते. जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता आणि गावकीची कामे करून भाकर मागून खात होता, त्याचा तर प्रश्नच नव्हता. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा होती. ज्याच्याजवळ जमीन नव्हतीच, त्याच्याजवळ या घोषणेतला पहिला शब्द तेवढा उरत होता.

येथे मालकीच्या अटीचे पहिले रूप दिसते. ऊर्जा येते तेव्हा ती कोणाची तरी जमीन घेते. जमीन घेताना ती नाव विचारते. नाव नसलेल्या माणसाचे काही घेतले गेले असे धरलेच जात नाही.

२

म्हणून आपण वीज नको म्हणावयाचे काय? आपल्या चळवळीने असे कधी म्हटले नाही, आणि याचे श्रेय बाबासाहेबांना आहे. बाबासाहेबांचे घटनाकार म्हणून स्मरण होते, पण त्यांच्या वीजविषयक कार्याचा आपल्या कार्यकर्त्यांनाही पुरेसा परिचय नाही. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विद्युत आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम व वीज यांविषयीच्या धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्ष या नात्याने त्यांनी जे भाषण केले, ते प्रत्येक दलित विद्यार्थ्याने मुळातून वाचावे. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, तिचा कारभार केंद्राने पाहावा की प्रांतांनी, ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल, हे प्रश्न त्यांनी तेथे मांडले. आणि तंत्रज्ञांना त्यांनी अखेरच्या हेतूची आठवण दिली. स्वस्त विजेवाचून उद्योगीकरण नाही, आणि उद्योगीकरणावाचून या देशातल्या माणसाची दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, असा तो युक्तिवाद होता.

हा विचार त्यांना एकाएकी सुचलेला नव्हता. १९१८ साली शेतजमिनीच्या तुकडीकरणावर लिहिताना त्यांनी हेच दाखवून दिले होते. शेतीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी हा खरा रोग आहे आणि उद्योगधंदे हा त्यावरचा इलाज आहे. ज्या खेड्याला गांधीवाद्यांनी आदर्श मानले, त्या खेड्यात बाबासाहेबांना अस्पृश्यांचा तुरुंग दिसत होता. यंत्र माणसाला पशुवत कष्टातून मोकळे करते आणि विचाराला फुरसत देते, असे ते म्हणत. वीज म्हणजे त्या तुरुंगाच्या बाहेर जाणारी वाट.

त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठीचा केंद्रीय आयोग स्थापन झाला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात दामोदर खोऱ्याच्या योजनेची चर्चा त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. पूरनियंत्रण, पाटबंधारे, जलवाहतूक आणि वीज या सर्वांचा एकत्र विचार करणारी ही योजना होती, आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत महानदीविषयी त्यांनी असाच विचार मांडला. हिराकुडचे धरण त्यातून पुढे आले. नद्यांचे पाणी ही आपत्ती नसून संपत्ती आहे, हा त्यांचा दृष्टिकोन होता. म्हणजे न संपणाऱ्या स्रोतातून वीज काढण्याच्या या देशातील धोरणाच्या पायाभरणीत बाबासाहेबांचा हात आहे. पर्यायी ऊर्जेविषयी बोलण्याचा आपला अधिकार आपण कोणाकडून मागून घेण्याचे कारण नाही.

पण याच्या जोडीला बाबासाहेबांचे दुसरे सूत्र ठेवावे लागते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेती हा राज्याचा उद्योग करावा, अशी मागणी केली. जमीन गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसावयास द्यावी. ती देताना जात पाहू नये. कोणी जमीनदार, कोणी कूळ, कोणी भूमिहीन मजूर असे उरू नये. वीज आणि जमीन हे त्यांच्या विचारात दोन वेगळे विषय नव्हते. स्वतंत्र भारताने त्यांतला पहिला भाग घेतला आणि दुसरा टाकून दिला. परिणाम लगेच दिसला. दामोदरवरच्या मैथन आणि पंचेत धरणांनी संथाळ आदिवासींना घरादारांवरून उठविले. आपल्याकडे कोयनेचे पहिले जनित्र १९६२ मध्ये फिरू लागले. आज सुमारे १,९६० मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प राज्यातला सर्वांत मोठा जलविद्युत प्रकल्प आहे. पण प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये, कोयनेची माणसे उठल्यानंतर. त्या कायद्यातही पर्यायी जमीन मिळण्याचा मुख्य आधार बुडालेली जमीन हाच होता. ज्याची बुडाली नाही, कारण त्याला नव्हतीच, त्याच्या वाट्याला फार तर घरापुरता तुकडा.

३

पाण्याच्या मागोमाग कोळसा आणि अणू आले. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांना जन्म दिला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि राज्याच्या विजेचा मोठा भाग विदर्भाच्या कोळशावर निघू लागला. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र आज २,९२० मेगावॅटचे आहे. त्याची वीज राज्यभर जाते, राख चंद्रपुरात राहते. १९६९ मध्ये तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. अणुभट्टीला लागणारे युरेनियम झारखंडातल्या जादुगोड्याच्या आदिवासी भूमीतून खणले जाते. कोळसा आणि अणू यांच्याविषयी आपल्याला ममत्व असण्याचे काहीच कारण नाही.

एवढी वीज निघाली, ती आपल्या वस्तीत केव्हा आली? याचे उत्तर सरकारच्या व्याख्येतच आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत झाले, असे कागदोपत्री धरले जाई. पाटलाच्या मळ्यात एक मोटार चालू झाली की गाव उजळले! महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा अंधारात असला तरी त्या व्याख्येला बाधा येत नव्हती. २००४ मध्ये केंद्र सरकारने व्याख्या बदलली आणि तीत 'दलित वस्ती' हे शब्द मुद्दाम घालावे लागले. गाव म्हणजे दलित वस्तीसुद्धा, हे विजेच्या व्याख्येत लिहावयास प्रजासत्ताकाला चोपन्न वर्षे लागली. आणि त्या नव्या व्याख्येतही गावातल्या शेकडा दहा घरांत वीज असली की पुरे होते. ती दहा घरे कोणाची, हे कोणी विचारले नाही.

४

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि जगभर पर्यायांचा शोध सुरू झाला. आपल्याकडे त्याला 'अपारंपरिक ऊर्जा' असे नाव पडले. हे नाव मला नेहमी गमतीचे वाटत आले आहे. शेण हे इंधन आपल्या घरात अपारंपरिक केव्हा होते? आपल्या आया-आज्यांनी जन्मभर गोवऱ्याच थापल्या आणि त्यांच्या धुराने डोळे घालविले.

गोबरगॅसचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. अशा वायूचा देशातला अगदी आरंभीचा प्रयोग शेणावर झालेला नाही. तो माणसाच्या मैल्यावर झाला, आणि तोही मुंबईत. १८९७ मध्ये माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले, त्यांच्या विष्ठेवर हा दिवा लागला. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास शेणावर प्रयोग झाले, १९५० च्या दशकात जशभाई पटेलांनी खेड्यात चालेल असे यंत्र बनविले, आणि १९६० च्या दशकारंभी खादी ग्रामोद्योग आयोगाने ते हाती घेतले. १९८१-८२ पासून केंद्र सरकारने बायोगॅसचा राष्ट्रीय प्रकल्प राबविला. महाराष्ट्र यात पुढे होता.

तंत्र साधे आणि उत्तम आहे. एक किलो शेणापासून सुमारे चाळीस लिटर वायू मिळतो आणि उरलेले खत वाया जात नाही. एका कुटुंबाला पुरेल अशा दोन घनमीटरच्या यंत्राला रोज पन्नास किलो शेण लागते. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत, खड्ड्यासाठी अंगण हवे आणि शेण कालवावयास पाणी हवे. सरकारने अनुसूचित जाती-जमातींना अनुदान जास्त दिले. अनुदान जास्त, पण अट तीच! चार जनावरे ज्याच्या दावणीला आहेत अशी आपली किती घरे होती? ज्या वस्तीला पिण्याचे पाणी सवर्णांच्या विहिरीवरून मागून आणावे लागे, तिने यंत्रात पाणी कोठून ओतावयाचे?

आणि याहून खोल गोष्ट पुढे आहे. भूमिहीनाच्या घरची चूल रस्त्यावर, माळावर, दुसऱ्याच्या गुरांमागे वेचलेल्या शेणावर पेटत होती. गोठा झाडणारी बाई पाटीभर शेण घरी नेई. तो तिच्या मजुरीचा न लिहिलेला भाग होता. शेणाला किंमत आली तेव्हा हे शेण मालकाचे झाले. गोठा तीच झाडणार, शेण तीच कालवणार. पण आता ते तिच्या चुलीत न जाता मालकिणीच्या शेगडीत जाणार, आणि ती शेगडी ज्या स्वयंपाकघरात आहे त्याच्या उंबऱ्याच्या आत तिला प्रवेश नाही. धूर एका घरातून गेला, सरपणाची पायपीट दुसऱ्या घरात वाढली. विज्ञानाची यात काही चूक नाही. ज्या समाजात शेणसुद्धा मालकी विचारते, तेथे विज्ञान मालकाच्या गोठ्यात बांधले जाते, एवढेच.

मैल्याच्या गॅसची गोष्ट याहून बोलकी आहे. आप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात आणि त्यांच्या प्रेरणेने डॉ. मापुसकरांनी देहू येथे संडासाला जोडलेल्या गॅसयंत्रांसाठी आयुष्य वेचले. मैला जेथे पडतो तेथेच कुजवून त्याचा वायू आणि खत केले, तर तो डोक्यावर वाहून नेण्याची गरजच राहत नाही. ऊर्जेच्या तंत्राने जातीच्या धंद्यावर थेट घाव घालावा असे हे क्वचित आढळणारे उदाहरण आहे. पण ते खेड्यापाड्यांत सर्वत्र का पसरले नाही? संडासाच्या वायूवर शिजलेले अन्न विटाळते, ही भावना आडवी आली. मैला माणसाच्या डोक्यावर चालतो, पण त्याचा वायू चुलीत चालत नाही! मैला वाहून नेण्याची पद्धत बंद करणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये आले, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाखांची भरपाई ठरविली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मैल्याचे तंत्र उपलब्ध असताना आज आपण भरपाईचे आकडे वाढवीत आहोत.

५

आता वारा आणि ऊन.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस साताऱ्याच्या पाटण भागातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या काळात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा दाखवून आयकर वाचविता येत असे. त्यामुळे ज्यांनी कधी ते पठार पाहिलेही नव्हते असे लोक वाऱ्याचे मालक झाले. त्यांना वारा नको होता, करसवलत हवी होती. पठारावर गुरे चारणाऱ्या माणसाचा या हिशेबात कोठेच उल्लेख नव्हता.

उन्हाचा प्रश्न याहून मोठा आहे, कारण तो आपल्या गायरानाशी येऊन भिडला आहे. सौर वीज जागा फार खाते. एक मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. २०१७ मध्ये राज्यात 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा, मोठा टप्पा आला. शेतीपंपांना दिवसा वीज द्यावयाची हा तिचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. रात्री-अपरात्री पाणी धरावयास जाणारा सालगडी बहुधा आपलाच असतो. त्यासाठी वीज उपकेंद्रांजवळच्या जमिनी हव्यात. खाजगी जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने. कंपनीला कोणती जमीन गोड लागेल, हे सांगावयास अर्थशास्त्री नको. आणि गावात सरकारी जमीन म्हणजे मुख्यतः गायरान.

ही गायराने मोकळी पडलेली नाहीत. १९५९ मध्ये आणि नंतर ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यातून आणि त्यानंतरच्या गावोगावच्या लढ्यांतून आपल्या माणसांनी गायरानावर नांगर घातला. मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी आणि त्यांच्या मानवी हक्क अभियानाने हा लढा पुढे नेला. या जमिनीसाठी आपली पिके जाळली गेली, वस्त्यांवर बहिष्कार पडले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. १४ एप्रिल १९९० या तारखेचा अर्थ वाचकांना उघड आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा तो पहिला दिवस.

निर्णय झाला, सातबारा झाला नाही. तीन दशकांनंतरही असंख्य कुटुंबांजवळ पुरावा म्हणून आहे ती दंडाची पावती आणि गाव नमुना १-ई मधली अतिक्रमणाची नोंद. ज्या कागदाने त्यांना गुन्हेगार ठरविले, तोच त्यांच्या हक्काचा एकमेव आधार! २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. त्यात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद स्पष्टपणे ठेवलेला आहे. पण अंमलबजावणीत आदेश लक्षात राहतो आणि अपवाद विसरला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या गायरानांवरील अतिक्रमणे हटविण्यास सांगितले, आणि नोटिसा निघाल्या. त्या पाठोपाठ सौर योजनेचा दुसरा टप्पा आला. एका हाताने जमीन मोकळी करा आणि दुसऱ्या हाताने ती पॅनेलखाली द्या, असे कोणी ठरवून केले, असे मी म्हणत नाही. पण दोन्ही हात एकाच कसणाऱ्याच्या मानेवर येऊन पडले आहेत, हे सत्य आहे.

एक साधा हिशेब करू. पाच एकर म्हणजे सुमारे दोन हेक्टर. दोन भूमिहीन कुटुंबे चाळीस वर्षे पाच एकर गायरान कसत आहेत असे धरा. त्यांच्या नावावर सातबारा असता, तर या जमिनीवर सौर प्रकल्प आल्यास त्यांना वर्षाला अडीच लाख रुपये भाडे मिळाले असते आणि ते दरवर्षी वाढले असते. सातबारा नाही, म्हणून त्यांना मिळते ती निघून जाण्याची नोटीस. जमीन तीच, ऊन तेच, वीज तेवढीच. एका नोंदीचा फरक म्हणजे अडीच लाख आणि शून्य यांतला फरक होय.

इतर योजनांतही तेच सूत्र आहे. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत इतर शेतकऱ्याने दहा टक्के भरावयाचे, अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. सवलत खरी, पण पंप लावावयास विहीर आणि शेत हवे. त्याच वर्षीच्या छपरावरच्या सौर योजनेत केंद्राचे अनुदान ७८,००० रुपयांपर्यंत आहे. पण छप्पर आपल्या नावाचे आणि पॅनेल पेलणारे हवे; झोपडपट्टीतल्या पत्र्यावर ते बसत नाही. गोबरगॅसच्या काळात जनावर, पंपाच्या काळात विहीर, आता छप्पर. सवलत आपल्याला, अट मालकीची!

६

या इतिहासावरून काही मित्र असा निष्कर्ष काढतात की हे सर्व भांडवलदारांचे नवे ढोंग आहे, आपण त्याला विरोध करावा. हा निष्कर्ष मला मान्य नाही. खोपोलीच्या काळात आपल्याजवळ संघटना नव्हती. कोयनेच्या काळात कायदा नव्हता. आज दोन्ही आहेत. शिवाय सौर विजेचा एक गुण कोळशात आणि अणूत कधीच नव्हता. ती लहान करता येते. अणुभट्टी गावाच्या मालकीची होऊ शकत नाही. अर्धा मेगावॅटचा सौर प्रकल्प होऊ शकतो. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेच्या पहिल्या भागात पाचशे किलोवॅट ते दोन मेगावॅटचे प्रकल्प शेतकऱ्यांच्या गटांना, सहकारी संस्थांना आणि पंचायतींना उभारता येतात. मग भूमिहीनांच्या सहकारी संस्थेला गायरानावर असा प्रकल्प का मिळू नये? जमिनीची सामुदायिक कसणूक हे बाबासाहेबांचे १९४७ चे सूत्र येथे ऊन कसण्याच्या रूपाने पुढे नेता येईल.

त्यासाठी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत असे मला वाटते. पहिले, आपल्या गावच्या १-ई चा उतारा काढून १९९० पूर्वीच्या प्रत्येक अतिक्रमणाची यादी करावी आणि दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी एका जागी आणाव्यात. कंपनीचा माणूस मोजणीला आल्यावर हे काम सुरू करून भागत नाही. दुसरे, गायरानावरच्या कोणत्याही प्रकल्पाचा विषय ग्रामसभेत आला की तीन मागण्या लेखी नोंदवाव्यात: आधी १९९१ च्या निर्णयाची अंमलबजावणी; नियमित होऊ शकणारी जमीन प्रकल्पातून वगळावी किंवा तिचे पूर्ण भाडे कसणाऱ्याला द्यावे; आणि प्रकल्पातल्या कायम नोकऱ्यांत त्याच वस्तीचा वाटा असावा. नुसती गवत काढण्याची आणि काचा पुसण्याची कामे नकोत, तंत्रज्ञाची हवीत. तिसरे काम विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे आहे. आपली मुले आयटीआयमध्ये वायरमन होतात. सौर तंत्र, वीजदर, वीज नियामक आयोगाची सुनावणी यांचा अभ्यास करणारी मुले आपल्यात तयार व्हावयास हवीत. आयोगापुढे जनसुनावणी होते, तेथे उद्योजकांचे प्रतिनिधी बोलतात, बागायतदारांचे बोलतात. भूमिहीनांच्या बाजूने बोलणारा तेथे मला दिसत नाही.

१९४३ मध्ये दिल्लीच्या त्या बैठकीत विजेचे अर्थशास्त्र हातात घेऊन अध्यक्षस्थानी बसलेला माणूस आपला होता. वीज कोणाच्या मालकीची आणि कशासाठी, हे प्रश्न तेव्हा त्याने विचारले होते. तेच प्रश्न आज तहसील कचेरीत आणि ग्रामसभेत विचारावयाचे आहेत. पॅनेलचे खांब रोवले जाण्याआधी ते विचारले गेले पाहिजेत; खांब एकदा रोवले की ते पंचवीस-तीस वर्षे हलत नाहीत.